सुई जिथे उडते

मित्रांनो, मी ग्रामोफोनची एक जुनी तबकडी आहे. हल्ली गाणी हवेतून येतात, त्यामुळे माझ्यासारखी वस्तू तुम्ही फार तर भिंतीवर शोभेला लावलेली पाहिली असेल. मी शोभेची नाही. माझ्या दोन्ही बाजूंवर मिळून नऊ गाणी आहेत आणि नवव्या गाण्यावर एक ओरखडा आहे. तो हातातून पडून झालेला नाही. तो रीतसर हुकूम काढून, सहीशिक्क्यानिशी पाडलेला आहे.

मला दाबून काढलं शहरातल्या कारखान्यात, पण माझ्यातला आवाज खाणीच्या गावचा. खाणकामगारांच्या बायकांनी ही गाणी म्हटली. पहिलं प्रेमाचं, दुसरं कधीच पांढरे न होणाऱ्या कपड्यांचं, तिसरं सासूचं. नववं म्हणजे नुसती नावं. खाणीत पाणी शिरलं तेव्हा खाली असलेल्या आणि वर न आलेल्या एक्केचाळीस माणसांची. ती माणसं कंत्राटी होती, हजेरीपटावर नव्हती. कंपनीचं म्हणणं असं, की ज्या अर्थी पटावर कुणी नाही, त्या अर्थी खाली कुणी नव्हतं. ती माणसं कधी काळी जगात होती याचा पुरावा म्हणून उरलं होतं ते माझं नववं गाणं.

सुरुवातीची दोन वर्षं लाडाची गेली. मी रेडिओ केंद्रावर होते. फर्माइशींची पत्रं यायची. एका शिंप्याला दर आठवड्याला दुसरं गाणं लागायचं. एका नर्सला तिसरं लागायचं, कारण तिची सासू बहिरी होती आणि ते मोठ्याने लावता यायचं. लोक एखादी तबकडी वर्षानुवर्षं का धरून ठेवतात, ते मला तेव्हा कळलं. गाणी आमची असतात, पण त्यात राहायला ज्याची त्याची माणसं येतात. एकदा आली की ती जागा सोडत नाहीत.

मग कुणी वरचा माणूस रेडिओ बंद करायला विसरला आणि त्याने नववं गाणं ऐकलं. दुकानांतल्या माझ्या सगळ्या बहिणी जमा करून वितळवल्या गेल्या. त्यांचे कंगवे झाले. मी वाचले ती सरकारी मालमत्ता म्हणून. मला मोडायला दुसऱ्या खात्याची परवानगी लागत होती. नियम असा होता, की आक्षेपार्ह गाणं खिळ्याने खरवडावं आणि तबकडी काळजीपूर्वक जतन करावी.

केंद्राचा संग्रह सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे सुईकाका म्हणत. आम्हा तबकड्यांना ते कडेने धरायचे, जसं तान्ह्या मुलाचं डोकं धरतात. एक्केचाळीस नावांतलं चौथं नाव त्यांच्या थोरल्या भावाचं होतं. माझ्या वेष्टनावर गाणाऱ्या बायकांचा फोटो होता, त्यात डावीकडून तिसरी बसलेली बाई ही त्यांची वहिनी.

"सुईकाका, खिळा आहे ना?" केंद्राच्या साहेबांनी विचारलं.

"आहे. पण साहेब, हुकमात बाजू लिहिलेली नाही."

"मग दोन्ही बाजू खरवडा. मला काय त्याचं."

"नको. नववं एकच आहे."

"उद्या सकाळी मी स्वतः ऐकणार. सुई उडाली की सही करतो. नाही उडाली, तर तुम्ही उडालात."

सुईकाकांनी दिवसभरात ती नावं अकरा वेळा ऐकली. साहेब त्यांना पुरते ठाऊक होते. सुई पहिल्यांदा उडाली की ते पुढचं ऐकणार नव्हते. म्हणजे खोल घाव एकाच जागी पुरणार होता. बाकी रेघ वरवरची चालली असती, टकटक वाजत राहिली असती, पण नावं ऐकू आली असती. एक नाव मात्र द्यावं लागणार होतं.

ते एकेका नावावर थांबत आणि स्वतःशीच बोलत. "हा नको, याची आई अजून दारात बसते. हा नको, याचं लग्न ठरलं होतं. याला तर मागे कुणीच नाही, मग याचं नाव कोण घेणार?" शेवटी ते चौथ्याकडे परत आले. "घरचं आहे," ते म्हणाले आणि खिळा उचलला.

सकाळी साहेबांनी तीन नावं ऐकली. सुई उडाली. त्यांनी सही केली आणि चहा मागवला.

पुढची सव्वीस वर्षं मी कपाटात होते. मला बुरशी आली. मग सरकार बदललं आणि नव्या सरकारला जुन्या सरकारची पापं मोजण्याचा उत्साह आला. समिती नेमली गेली. खाणीच्या तोंडाशी दगड उभारून त्यावर नावं कोरायची होती. नातेवाइकांचा शब्द समितीला चालत नव्हता. माझ्यावर सरकारी शिक्का आणि तारीख होती, म्हणून मला बाहेर काढलं. निवृत्त झालेल्या सुईकाकांना सुई लावायला बोलावलं.

"चाळीस," अधिकारी बाई लिहून म्हणाल्या.

"एक्केचाळीस. तिसऱ्यानंतर एक आहे, सुई उडते तिथे."

"तिथे काय होतं?"

"माझा भाऊ."

"काका, ऐकू येईल तेवढंच लिहायचं, असं आहे. ओरखडा पाडला कुणी?"

"मी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या वाईट नव्हत्या. "मग तर तुमचं काहीच धरता येणार नाही हो," त्या म्हणाल्या आणि यादीची एक प्रत त्यांना देऊन निघून गेल्या.

वहिनी बाहेर बाकावर होत्या. त्या आत आल्या.

"भावोजी, चाळीसच धरले म्हणे. नेमकं आमचंच कसं राहिलं?"

काकांनी सगळं सांगितलं. "मला वाटलं, आपलं आहे, आपण कुठे विसरणार आहोत."

"आपण म्हणजे कोण? मी सत्तरीची. तुम्ही जिना चढताना तीनदा टेकता. पोरंबाळं ना तुम्हाला, ना मला. आपण किती दिवस पुरणार?" मग त्या हळूच म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाचं तरी घालवायचं होतंत."

"कुणाचं, वहिनी? सांगा. ही घ्या यादी."

त्यांनी चष्मा लावला. पहिल्या नावावर बोट ठेवलं, थांबल्या, खाली सरकल्या. प्रत्येक नावावर थांबत त्या चाळिसाव्यापर्यंत गेल्या. मग यादीची घडी करून परत दिली.

"मला खाली उतरायचंय," त्या म्हणाल्या.

काकांनी हात पुढे केला. दार उघडं होतं, मला टेबलावरून दिसत होतं. वहिनींनी जिन्याचा कठडा धरला.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी काही मागायचं असतं. मला मऊ कापडाने पुसा, उभी ठेवा, उन्हापासून लांब ठेवा, हे तर आहेच. पण माझ्यावर खिळा चालवायचाच असेल, तर ज्याचा हुकूम त्याने तो स्वतःच्या हाताने चालवावा. मला जपणाऱ्याच्या हाती देऊ नये. जपणाऱ्याला माझी प्रत्येक रेघ पाठ असते, आणि म्हणून त्याचा नेम चुकत नाही.