एकाहत्तरपाशी खोडलेली संख्या

मित्रांनो, मी एक जुनी मूळ संख्या आहे. ९९९९८३. दहा लाखांच्या आत माझ्याहून मोठी मूळ संख्या नाही. एक आणि मी स्वतः, यांखेरीज मला कोणानेही पूर्ण भाग जात नाही. मला कोणी घडवले नाही, मी होतेच. पण माझ्यावर जीव लावला तो माझगावच्या पास्कलने.

पास्कल गोदीच्या ऑफिसात नकाशे उतरवायचा. त्याचे गणित शिकायचे राहून गेले होते. माझे दोन अवयव पडलेच, तर त्यांतला एक हजाराच्या आतच असणार, हे त्याने ओळखले. म्हणजे हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी मला भागून पाहायचे. एकीनेही भाग गेला नाही, की मी मूळ ठरले. धाकटी बहीण बीट्रिस पानापानावर मला मांडून द्यायची आणि तो भागाकार करायचा.

"किती झाले रे?"

"एकोणीस. लग्नाआधी संपवतो."

"कोणाच्या? तुझ्या की माझ्या?"

विसावा भागाकार एकाहत्तरचा होता. बाकी शून्य आली. पास्कलने माझ्यावर आडवी रेघ मारली. गोदीतले दोस्त चिडवायचे, "काय प्रोफेसर, फुटला का नंबर?" तो हसायचा, पण त्याने पुन्हा कधी गणिताची वही उघडली नाही.

पन्नास वर्षे मी ट्रंकेत पडून होते. आपण खरे असून खोटे ठरलो, हे सांगायला संख्येला तोंड कुठले?

यंदा पास्कल अंथरुणाला खिळला. त्याचे कागद आवरताना बीट्रिसला ती वही सापडली. एकाहत्तरच्या पानावर तिच्याच अक्षरात लिहिले होते, ९९९८९३. नऊ आणि आठ यांची अदलाबदल झाली होती! तिने तिथेच जमिनीवर बसून मला पुन्हा भागले. बाकी एकोणीस.

ती त्याच्या उशाशी गेली. "पास्कल, तुझा नंबर फुटला नव्हता रे. मीच चुकीचा लिहून दिला. इतकी वर्षं..."

त्याने वही डोळ्यांजवळ धरली.

"रडतेस काय? पुढे त्र्याहत्तर आहे. मांड. आणि आता तरी नीट बघून मांड!"

रोज दोन-तीन भागाकार होऊ लागले. तो डोळे मिटून ऐकायचा.

"शून्य नाही ना?"

"नाही रे."

हे ऐकले, की त्याची मान समाधानाने हलायची. एकशे एकोणपन्नासला बीट्रिसने "बाकी चव्वेचाळीस" म्हटले, तेव्हा मान हलली नाही.

एकशे तेहेतीस भागाकार उरले होते. पुढे बीट्रिसच्या नातीने, एलिनाने, मला फोनवर टाकले आणि मी मूळ आहे, हे क्षणात कळले. बीट्रिसने फोन बाजूला ठेवला आणि पेन्सिल उचलली.

मित्रांनो, कशावरही रेघ मारण्याआधी एकदा पुन्हा मांडून पाहा. मी संख्या आहे. मी पन्नास काय, पाचशे वर्षेही थांबले असते. पास्कलला थांबता आले नाही.