माकडांच्या आजीचे गणित

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. प्राण्यांच्या दवाखान्यात खिडकीशी माझे टेबल आहे. मी सुरू होईपर्यंत डॉक्टरबाईंचा चहा पिऊन होतो. नवा होतो तेव्हा माझ्याभोवती घोळका जमायचा. आता येणारा-जाणारा माझ्या डोक्यावर कागद ठेवून जातो. तरीही एक गोष्ट मी छाती फुगवून सांगतो.

मागच्या मोठ्या पिंजऱ्यात माकडांचा कळप राहतो. त्यातल्या पिटुकल्या नावाच्या पिल्लाला आजारपणात कडक औषधे द्यावी लागली. आजार गेला, पण पोटात राहून अन्न पचवणारे चांगले जीवाणूही गेले. शी पातळ होई, खाल्लेले काही अंगी लागेना. पिल्लू वाळत चालले. हे जीवाणू माकडांच्या जवळिकीतून एकमेकांकडे जातात. म्हणून बाईंनी कोण कोणाच्या उवा काढते ते मला सांगितले आणि विचारले, पिटुकल्याला कोणाजवळ ठेवू?

मी झटक्यात कळपाच्या म्होरक्याचे, दांडगोबाचे नाव दाखवले. अख्खा कळप त्याच्या सेवेला असायचा ना! पण दांडगोबाने पिल्लापुढे पाठ केली, आणि ते खाजवेना म्हणून दात विचकले. पिटुकल्या भेदरून कोपऱ्यात बसला. त्याला परत आणावे लागले. आता सगळे माझ्याकडे रागाने बघू लागले. अहो, जे सांगाल तेच मी मोजणार!

बाई हिरमुसून खिडकीबाहेर बघत होत्या. पिंजऱ्यात म्हातारी आजी ऊन खात बसली होती.

“काका,” त्या माकडांची देखभाल करणाऱ्या काकांना म्हणाल्या, “ही काहीच करत नाही म्हणून मी हिला हिशेबात धरलंच नाही. पण बघा ना, सगळे हिलाच टेकून झोपलेत.”

“बसणंही मोजायचं असतं होय?” काका हसले.

बाईंनी ते टेकणे मला सांगितले. माझा पंखा घरघरला आणि आजी सगळ्यांच्या वर आली. पिटुकल्याला तिच्याजवळ सोडले. तिने नुसता हात उचलला, तो कुशीत शिरला.

काही दिवसांनी काका फावडे घेऊन धावत आले.

“बाई, घट्ट झाली!”

शी बघून कोणी इतके खूश झालेले मी उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते. बाईंनी डोळे पुसले आणि त्याच रुमालाने माझी धूळही पुसली. पिटुकल्या आता आजीच्या अंगावर उड्या मारतो, आणि आजी पूर्वीसारखीच बसून असते.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात कोणी नुसते बसलेले असेल, तर त्यांना मोजायला विसरू नका. जवळ जा, टेकून बसा. माझ्या डोक्यावरचे कागद तेवढे उचललेत तरी मला पुरे.