पडद्यातल्या मधपेटीचं झाकण

मी एक जुनी मधपेटी आहे. मला हात लावून बघायला जाल, तर बोटांना नुसती काच लागेल. कारण मित्रांनो, मी राहते टीव्हीच्या पडद्यात. शेतीच्या एका व्हिडिओ गेममध्ये माझं बिऱ्हाड आहे. शेजारी विहीर, पलीकडे कोबीचा वाफा आणि कुंपणाशी एक झोपाळू गाय. माझा मध आजवर कुणाच्या जिभेला लागलेला नाही, म्हणून मला खोटी म्हणणारे पुष्कळ भेटतात. म्हणोत बापडे. माझ्या मधाने काय काम केलं ते आधी ऐका आणि मग ठरवा.

मला बनवलं एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीने. तिने गेममधल्या रानातून लाकूड तोडून आणलं, मेण जमवलं आणि कंट्रोलरची बटणं दाबून दाबून मला उभी केली. पहिल्यांदा तिने मला ठेवलं कोबीच्या वाफ्यात. तिथे कुठली माशी फिरकणार? मी आपली रिकामी. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने माझ्याभोवती निळी फुलं लावली आणि माझ्या दाराशी माश्यांची रीघ लागली.

माझा नियम सोपा आहे. भोवती फुलं हवीत, फुलांना रोज पाणी हवं आणि माझं झाकण बंद हवं. मध पुरता जमला की माझ्या डोक्यावर एक सोनेरी थेंब चमकतो. तो चमकण्याआधीच कुणी झाकण उघडलं, तर माश्या भुर्रकन उडून जातात आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. त्या मुलीच्या अंगात धीर होता. तिने कधी घाई केली नाही. गेममधल्या गावाच्या प्रदर्शनात माझ्या मधाला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हापासून माझी मान जरा ताठच आहे. पेटीला मान नसते, हे मलाही कळतं.

पुढे ती नोकरीला लागली. तिचं लग्न झालं. गेमचं यंत्र खोक्यात गेलं आणि खोकं सासरच्या कपाटावर. यंत्र बंद असलं की माझ्या शेतात पानही हलत नाही. माश्या हवेत जिथल्या तिथे थांबतात, गाईचा घास तोंडात तसाच राहतो. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण मला माझी किंमत माहीत होती, त्यामुळे फार मनाला लावून घेतलं नाही.

मग एका दुपारी यंत्र सुरू झालं. माश्यांची गुणगुण पुन्हा लागली आणि काचेपलीकडे मला एक नवीनच खोली दिसली. खिडकीत दोरीवर मोजे वाळत होते, टेबलावर औषधांच्या बाटल्या होत्या आणि खुर्चीत उशांच्या आधाराने एक वयस्कर गृहस्थ बसले होते. हे माझ्या मालकिणीचे सासरे. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. उभा जन्म त्यांनी डोळ्याला भिंग लावून लोकांची बंद पडलेली घड्याळं उघडली होती. काही महिन्यांपूर्वी लकव्याने त्यांचा उजवा हात लुळा पडला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, की हात वापरत राहिलात तर बोटांत जीव येईल, नाहीतर ती कायमची आखडतील. आणि आजोबांनी हात वापरणंच सोडलं होतं. ते तो टॉवेलखाली झाकून ठेवायचे.

का, ते मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. त्यांचा मुलगा कामावरून आला आणि खांद्यावरची बॅगही न उतरवता म्हणाला, "बाबा, दाबा बघू माझा हात."

आजोबांनी दाबला. मुलाचं तोंड उतरलं. "काल यापेक्षा जोर होता हो."

मुलगा वाईट नव्हता. काळजीने पार पोखरला होता बिचारा. पण रोज संध्याकाळी परीक्षा आणि रोज नापास, हे कुणाला सोसवेल? जिना चढताना त्याची पावलं वाजली की आजोबांचा हात आपोआप टॉवेलखाली जायचा.

माझी मालकीण बेकरीत कामाला होती. पहाटे जायची, दुपारी यायची. तिनेच खोकं कपाटावरून खाली काढलं होतं. सासऱ्यांच्या हातात कंट्रोलर ठेवून ती म्हणाली, "बाबा, मला शेतात जरा मदत करा. एकटीला झेपत नाहीये."

धडधडीत खोटं!

"अगं, या वयात मला खेळायला बसवतेस?"

"खेळायला कुठे? कामाला लावतेय."

आजोबांनी गाईकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. कोबीकडे तर ढुंकूनही बघितलं नाही. पण माझ्यावर नजर पडली आणि ते खुर्चीत पुढे सरकले. समोर झाकण असलेली वस्तू, आणि माणूस घड्याळजी! मग काय विचारता? डाव्या अंगठ्याने चालत ते माझ्यापर्यंत आले. झाकणाचं बटण उजव्या अंगठ्याखाली होतं. अंगठा थरथरला, घसरला, पुन्हा घसरला, पण झाकण उघडलंच. माश्या उडून गेल्या.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. सूनबाईला वाटायचं, अंगठा हलतोय ना, हलू दे. आणि इथे माझ्या पोटात मधाचा टिपूस नाही! बक्षीस मिळवलेली पेटी मी, आणि ही माझी गत. शेवटी तिलाच माझी दया आली.

"बाबा, रोज उघडू नका ना. मध जमणार कसा?"

"आणि न उघडता आत काय चाललंय ते कळणार कसं?"

"थेंब चमकेपर्यंत कळत नाही. तोवर फुलांना पाणी घालायचं."

"घड्याळ असं दुरुस्त होत नसतं."

"हे घड्याळ नाहीये, बाबा."

आजोबांनी टॉवेल बाजूला केला आणि आपल्या उजव्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले. मग कंट्रोलर उचलला आणि विहिरीवरून झारी भरून आणली. झारीचं बटणही उजव्याच अंगठ्याखाली आहे, हे सूनबाईने आधीच हेरून ठेवलं असणार. त्या दिवसापासून आजोबा रोज निळ्या फुलांना पाणी घालू लागले. अधूनमधून माझ्यासमोर येऊन थांबायचे. अंगठा बटणावर जायचा आणि मागे यायचा. किती मोह होत असेल! मला त्यांचं फार कौतुक वाटायचं.

अशाच एका संध्याकाळी मुलगा आला. "बाबा, दाबा बघू."

आजोबांनी हात लपवला नाही. "आज नाही. उद्याही नाही."

"अहो, पण सुधारतंय का ते कळायला नको?"

"ती पेटी बघ. मी रोज झाकण उघडत होतो, म्हणून मध जमतच नव्हता. तूही मला रोज उघडून बघतोस."

मुलाने बायकोकडे पाहिलं. ती मोज्यांच्या जोड्या लावत होती, तिने मान वर केली नाही.

"मग मी करू काय?" त्याने विचारलं.

"दुसरा कंट्रोलर घे. कोबी सुकलाय."

तो बॅग ठेवून बसला आणि कोबीला इतकं पाणी घातलं, की सगळा वाफा बुडाला. आजोबा खो खो हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

आणि मग एके दिवशी माझ्या डोक्यावर थेंब चमकला. तिघंही समोर बसले होते. मध काढताना बटण दाबून धरायचं असतं, बरणी काठोकाठ भरेपर्यंत. मध्येच अंगठा सुटला तर मध मातीत. सूनबाई हळूच म्हणाली, "मी काढू का?" आजोबांनी नकारार्थी मान हलवली आणि बटण दाबलं. अंगठा कापत होता. अर्धी बरणी भरली, पाऊण भरली. माझ्याकडून होईल तेवढी धार मी सरळ धरली. त्या सगळ्या वेळात मुलाने बापाच्या हाताकडे एकदाही पाहिलं नाही. तो डोळे फाडून बरणीकडे बघत होता. बरणी भरली आणि पहिला तोच ओरडला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी दुखण्यातून उठत असेल, कुणी नवीन काही शिकत असेल, तर त्याच्या फुलांना रोज पाणी घाला. झाकण तेवढं बंद राहू द्या.

आता आजोबांनी दुकानातून आपला चिमटा आणि भिंग मागवून घेतलंय. टॉवेल मोज्यांशेजारी दोरीवर असतो. सकाळी घरात कुणी नसताना आजोबा गेम सुरू ठेवून टेबलाशी बसतात आणि एका जुन्या घड्याळावर काहीतरी करत असतात. टेबल माझ्या अगदी समोर आहे, मला सगळं दिसतं. त्यांना जमतंय का, ते मात्र मला विचारू नका. मी झाकण उघडणार नाही.