बारनिशीचे दोन रुमाल

ही गोष्ट सन २०२२ च्या एप्रिलमधली. करोनाने अडवून ठेवलेली परदेशची विमाने तेव्हा नुकती सुटू लागली होती, आणि बडोद्याचा उन्हाळा त्या वर्षी होळीची राख निवायच्या आधीच डोक्यावर येऊन बसला होता.

रावपुऱ्यामागच्या एका गल्लीत, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा कौलारू घरात नीरा सासऱ्यांबरोबर राहत होती. ती बासष्टची, सासरे गोविंदराव एक्याण्णवचे. तिचा नवरा रमाकांत कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झाला आणि दोन वर्षांत गेला. एकुलती एक मुलगी रसिका लग्न होऊन कॅनडात. गोविंदरावांचा खुबा मोडल्यापासून जिना उतरणे बंद झाले होते, म्हणजे नीराचेही बंद झाले होते. भाजीला गेली तरी अर्ध्या तासात परत. ती टोपलीत काकड्या घालत असायची आणि कान घरी सासऱ्यांच्या उशाशी ठेवलेल्या घंटीकडे असायचे, जी तिथून ऐकू येणे शक्यच नव्हते.

रसिकाला आठवा महिना लागला होता. दोन वर्षांपूर्वी तिचे पहिले मूल सहाव्या महिन्यात पोटातच गेले, तेव्हा विमाने बंद होती. नीराने मुलीचे रडणे फोनच्या पडद्यावर पाहिले, आणि फोन ठेवून अण्णांचे दूध तापत ठेवले. गोविंदरावांना सगळे अण्णाच म्हणत. या वेळी मात्र तिने नऊ मेचे तिकीट काढले होते. ते देवघरात पोथीखाली ठेवले होते आणि अण्णांना सांगितले नव्हते. सांगितले असते तर ते "जा" म्हणाले असते आणि जेवणे सोडले असते. तसे त्यांनी पूर्वी एकदा केले होते.

आता फक्त अण्णांजवळ रात्रंदिवस राहणारी बाई हवी होती. पहिली आठ दिवस टिकली. दुसरी तिसऱ्याच दिवशी भर दुपारी पिशवी उचलून गेली. तिसरी मोहना, पन्नाशीची, कामाला चोख. तीसुद्धा चार दिवसांनी म्हणाली, "ताई, म्हाताऱ्यांचं मी सगळं करीन. तुम्ही म्हणाल ते करीन. पण त्या खोलीत माणूस कसं राहील? भट्टी आहे ती. मला बीपी आहे."

"एसी लावलाय ना, मोहना."

"एसी तुमच्या समाधानाला आहे. थंड तर काही होत नाही."

ते खरे होते. एसी बावीसवर असायचा आणि भिंतीवरचे थर्मामीटर छत्तिसाच्या खाली यायला तयार नसायचे. मेकॅनिक दोनदा येऊन गेला. गॅस पुरेपूर आहे, मशीन नवे आहे, दोष घराचा आहे, असे म्हणाला. मग छाणीहून गजेंद्र आला. तो कारखान्यांची छपरे करणारा माणूस. त्याने वर पाहिले. खोलीला लाकडी तक्तपोशी, तिच्यावर माळा, माळ्यावर कौले. "बेन, गरमी माळ्यात भरून राहते," तो म्हणाला. "आढ्यावर फिरता घुमट बसवतो. कारखान्यात लावतात तो. गरम हवा खेचून बाहेर फेकेल. लाइटपण लागत नाही, वाऱ्यावर फिरतो."

घुमट बसला. पत्र्याचा चकचकीत गोळा आढ्यावर गरगर फिरू लागला, गल्लीतल्या लोकांनी माना वर करून पाहिला. आणि खोलीचे थर्मामीटर छत्तिसावरून सदतिसावर गेले.

"दुसरा बसवू," गजेंद्र म्हणाला.

"एकाने वाढलं, दोनाने किती वाढेल?" नीराने विचारले. गजेंद्रने डोके खाजवले आणि दोन दिवसांनी येतो म्हणून गेला.

त्याच संध्याकाळी नीराने देवापुढची उदबत्ती अण्णांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर आणून ठेवली. धूर पसरलाच नाही. दोरी लावून ओढावा तसा सरळ वर चढला आणि तक्तपोशीच्या फळ्यांच्या फटीत शिरून दिसेनासा झाला.

अण्णा पडल्या पडल्या बघत होते. जन्मभर महसूल खात्यात कारकुनी केलेला माणूस. "तुझ्या देवाची वरच्या ऑफिसात बदली झालेली दिसते," ते म्हणाले.

नीरा हसली नाही. ती त्या फटीकडे बघत राहिली. घुमट हवा खेचत होता, पण माळ्यात हवा यायला दुसरी वाटच नव्हती, म्हणून तो त्यांच्या खोलीतली गार केलेली हवा फळ्यांतून ओढून घेत होता. एसी गल्लीवरचे आभाळ गार करत होता.

पण वाट का नव्हती? ती या घरात आली तेव्हा, चौऱ्याऐंशी साली, माळ्यावर चिमण्या होत्या. भिंत जिथे संपते आणि कौलांची वळचण जिथे पुढे येते, तिथे वाशावाशांमध्ये वीतभर जागा मोकळी होती. तिथून चिमण्या आत-बाहेर करत, तिथूनच वाराही. मे महिन्यात दुपारी या खोलीत सतरंजी टाकून लोक निजत, आणि कुणाला ते विशेष वाटत नसे.

मग शहाण्णव साली खालचा मजला विक्रमसिंहाला दुकानाला दिला, आणि तिथले रुमाल वर आले. रुमाल म्हणजे लाल कापडात बांधलेले दप्तराचे गठ्ठे. अण्णांचे वडील गायकवाडी राज्यात वहिवाटदार कचेरीत होते. राज्य विलीन झाले तेव्हा जुनी दप्तरे रद्दीत चालली होती, ती त्यांनी बैलगाडीत घालून घरी आणली. एकशे बारा रुमाल. ते माळ्यावर कडेकडेने, बरोबर वळचणीला लागून रचले गेले. खारींनी कुरतडू नयेत म्हणून रमाकांतने दोन रविवार खपून वळचणीच्या सगळ्या फटी पत्रा आणि सिमेंटने बुजवल्या, कौलांखाली डांबरी कागद ठोकला. रिफायनरीतला माणूस, गळती म्हणजे त्याला पाप वाटायचे. सिमेंटची घमेली नीरानेच शिडीवरून वर दिली होती.

तिने अण्णांना विचारून पाहिले. "अण्णा, माळ्यावरचे थोडे रुमाल मधे सरकवले तर?"

"ते सरकारी आहेत."

"ते सरकार जाऊन सत्तर वर्षं झाली."

"सरकार जातं, सूनबाई. दप्तर राहतं. मी आहे तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही." सूनबाई म्हणाले की बोलणे संपले.

पंचवीस एप्रिलला मोहना सकाळची कामे उरकून घरी गेली. जाताना सांगून गेली, "संध्याकाळी येते. राहते की नाही ते तेव्हा सांगते." दुपारी दीड वाजता अण्णांचा डोळा लागल्यावर नीराने पदर खोचला, मधल्या वाटेत लोखंडी शिडी लावली आणि माळ्याचे झाकण ढकलून वर गेली. हातात टॉर्च, दुसरे काही नाही. नुसते बघून यायचे होते. शेवटच्या पायरीवरून आत चढताना पायाने जोर दिला गेला, आणि शिडी भिंतीवरून घसरून खाली आडवी झाली.

"कोण पडलं?" खालून अण्णांचा आवाज.

"शिडी पडली, अण्णा. मी वर आहे."

"वर कुठे?"

"माळ्यावर."

"मी नको म्हटलं होतं."

झाकणातून खाली दहा फुटांवर फरशी दिसत होती. तिचे गुडघे पलंगावरून उतरतानाही कुरकुरत. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला. खालचे दुकान एक ते चार बंद, विक्रमसिंह अर्धे शटर ओढून आत झोपलेला. मोहना येणार सहाला. आणि कौलांखाली इतके तापले होते की टॉर्चचा पत्रा हाताला सोसवेना. श्वास घेतला की नाकातून तापलेल्या डांबराचा वास आत जाई.

खाट करकरली. "उठू नका," ती फळ्यांवर तोंड नेऊन म्हणाली. "तुम्ही पडलात तर मी इथून काहीच करू शकणार नाही."

"मग तूही उडी मारू नकोस. एका घरात एकच खुबा मोडलेला पुरे."

ती रांगत गल्लीकडच्या वळचणीला गेली. दोन वाशांमधले रुमाल ओढून बाजूला केले. मागे रमाकांतचे सिमेंट, थापीच्या फटकाऱ्यांसकट जसेच्या तसे. गजेंद्रने टाकून दिलेला लोखंडी अँगलचा एक तुकडा तिला सापडला. त्याने ती ठोकू लागली. दहा ठोक्यांनंतर दम लागे, डोळ्यांपुढे पिवळे होई, मग ती कपाळ वाशाला टेकून बसे.

"काय फोडतेस?"

"वळचण."

"कशासाठी?"

खोटे बोलायला तिच्यात जोरच उरला नव्हता. "मला रसिकाकडे जायचंय, अण्णा. नऊ तारखेचं तिकीट आहे. तुमच्याजवळ राहायला बाई टिकत नाही, कारण खोली तापते. खोली तापते, कारण हवेची वाट बंद आहे. ती आपणच बंद केली."

ती पुन्हा ठोकू लागली. सिमेंटला तडा गेला, एक ढेप बाहेर पडली, पत्रा वाकला. उजेडाची पट्टी आत आली आणि मागोमाग वारा. बाहेरची उन्हाची झळच ती, पण हलती हवा होती. तिने भोकाला तोंड लावून "विक्रमभाई, विक्रमभाई" अशा हाका मारल्या. घसा कोरडा, आवाज गल्लीच्या मधेच विरून गेला. एक कुत्रा मान वर करून परत झोपला.

"ऐकलं का कुणी?" अण्णांनी विचारले.

"नाही. काहीतरी खाली टाकायला हवं." तिने आजूबाजूला पाहिले. अँगल किंवा सिमेंटची ढेप टाकावी तर कुणाच्या डोक्यात बसायची; बाकी माळ्यावर रुमालांशिवाय काही नव्हते. "अण्णा, एक रुमाल टाकते."

"कुठला?"

"कुठला म्हणजे?"

"नंबर बघ. बाजूला कागद डकवलेला असतो."

तिने टॉर्च धरली. "तेवीस. सावली महाल, मोजणी."

"तो नाही. सावलीकडच्या गावांतल्या लोकांच्या शेतांच्या हद्दी आहेत त्यात." आवाज एकदम कचेरीतला झाला होता. "डावीकडे जा. चाळिसाच्या पुढचे खालच्या ओळीत आहेत. एकेचाळीस काढ. बारनिशी आहे. कुठलं पत्र कधी आलं न् कधी गेलं, एवढंच. पत्रं दुसऱ्या रुमालांत आहेत."

ती रांगत गेली, ओढत आणला, पत्रा आणखी वाकवून भोकातून ढकलला. एकेचाळीस नंबर दुकानावरच्या पत्र्याच्या छपरावर धप्पकन पडला आणि तिथेच बसून राहिला. कुणी आले नाही.

"पडला?"

"छपरावर अडकला."

खोचलेला पदर काढून तिने तोंडावरून फिरवला, तो घामाने आधीच पिळायला आला होता.

"बेचाळीस टाक," ते म्हणाले. "तीही बारनिशीच. जरा जोराने टाक, नीरा."

बेचाळीस नंबर शटरवर आपटून रस्त्यात फुटला. पिवळे कागद गल्लीभर उडाले. शटर वर गेले आणि बनियनवर विक्रमसिंह बाहेर आला. त्याने आधी कागदांकडे, मग आभाळाकडे पाहिले. "अरे नीराबेन, तमे उपर शुं करो छो?"

"अडकलेय, विक्रमभाई. जिन्याचं दार लोटलेलंच आहे. या."

त्याने शिडी लावली, तिला उतरवले, माठातले पाणी दिले. "भरदुपारी माळ्यावर? आमच्यात वेडे लोकपण चार वाजल्यानंतर चढतात," असे बडबडत तो खाली जाऊन वाहनांच्या चाकांखालून कागद वेचू लागला.

नीरा अण्णांच्या दारात टेकून उभी राहिली. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. अण्णा छताकडे बघत होते.

"किती वाजता निघायचंय नऊ तारखेला?"

"सकाळी सहाला गाडी येईल."

"मग आदल्या दिवशी मला न्हाऊ घाल. त्या मोहनाला डोकं धुता येत नाही, डोळ्यात साबण घालते."

दुसऱ्या दिवशी गजेंद्रने दोन्ही बाजूंची वळचण मोकळी केली आणि खारींसाठी बारीक जाळी लावली. अण्णा खाटेवरून नंबर सांगत होते, नीरा ते शिडीखालून वर ओरडून सांगत होती, आणि त्या क्रमाने रुमाल माळ्याच्या मध्यावर फळ्यांवर रचले गेले. संध्याकाळी नीराने पुन्हा उदबत्ती लावली. धूर थोडा वर गेला आणि आळसावल्यासारखा खोलीत पसरला. थर्मामीटर एकोणतीस दाखवत होते. मोहनाने पाच मिनिटे खोलीच्या मधोमध उभे राहून पाहिले, मग आपली पिशवी कोपऱ्यात ठेवली.

रसिकाला तीन जूनला मुलगी झाली. नाव मधुवंती. ती आता शाळेत जाते आणि मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीत देते.

अण्णा सप्टेंबरात गेले, सकाळी चहा घेतल्यावर. मोहना जवळ होती. नीराचे परतीचे तिकीट नोव्हेंबरचे होते. अग्नी अण्णांच्या पुतण्याने, गणपतरावांनी दिला, आणि नीराने तो फोनवर पाहिला. तेव्हा तिच्या मांडीवर तीन महिन्यांचे मूल झोपले होते, म्हणून तिला मोठ्याने रडता आले नाही.

रुमालांपैकी निम्मे एक संशोधक मुलगी, आकांक्षा, फोटो काढायला घेऊन गेली. अजून परत आणून देते आहे. बाकीच्यांतले बरेच आतून कसरीने खाल्लेले निघाले. एकेचाळीस आणि बेचाळीस विक्रमसिंहाने सुतळीने बांधून दिले, पण काही पाने गेली ती गेलीच. विक्रमसिंहाने पुढे दुकान अकोट्याला हलवले. गजेंद्र आता हवा कुठून कुठे जाते ते पाहायला हत्यारांच्या पेटीत उदबत्तीचा पुडा बाळगतो. मोहना दुसऱ्या एका म्हाताऱ्यांकडे लागली, दिवाळीला फोन करते.

नीरा नोव्हेंबरात बडोद्याला परतली ती अजून तिथेच आहे. वर्षातून एकदा रसिकाकडे जाते. तिला अडवणारे आता घरात कुणी नाही, तरी तिकीट काढायला ती दर वेळी दोन-दोन महिने लावते. भाजीला गेली की अजूनही अर्ध्या तासात परत येते.