हातून सुटला

कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्याची कडी रिकामी होती. पितळेची, बोटाच्या पेराएवढी कडी. तिच्यात रोज एक गोल चकती लोंबायची आणि शेंग्या चालताना किणकिणायची. आज किणकिण नव्हती, म्हणून तर वैजयंतीची नजर तिकडे गेली. चकतीवर घरच्या मुलीचा, रुद्राणीचा, फोन नंबर कोरलेला होता. कडीवर पकडीचा ताजा ओरखडा होता... म्हणजे चकती पडली नव्हती, काढली होती. कुणीतरी शेंग्याची मान धरून, पकड घेऊन, शांतपणे ती काढली होती आणि मग आत जाऊन वैजयंतीसाठी चहा टाकला होता.

चहा काचेच्या कपातून आला, बशीसकट. "ताई, बसा ना," अक्षता मॅडम म्हणाल्या. इतक्या वर्षांच्या 'अगं वैजयंती'चं एकदम 'ताई' झालं, तेव्हाच ती सावध झाली होती. साहेबांची बदली बंगळूरला झाली होती. तिथे फ्लॅट. सासूबाई अंथरुणावर. शेंग्या म्हातारा झालेला, मागच्या पायांत जोर नाही, रात्रीतून फरशीवरच करून ठेवतो. "दोघांचं मला नाही होत हो," असं मॅडम म्हणाल्या तोवर वैजयंतीला त्यांची कीवच आली होती. सासूची चादर, कुत्र्याची फरशी, एकच बाई.

मग मॅडमनी आवाज खाली आणला. "तुमचे मिस्टर चिंचोळीला जातात ना कंपनीत? जाताना टेम्पोतून नेतील. तिकडे कँटीन असतात, काही ना काही खायला मिळतं. आणि रुद्राणीला..." त्यांनी कप बशीत उगाच फिरवला, "रुद्राणीला सांगायचं, फिरवताना तुमच्या हातून सुटला. तुमच्यावर ती चिडणार नाही. तिचा जीव आहे तुमच्यावर."

आणि वैजयंती काय म्हणाली? "बघते की."

बघते की! तलावाच्या कडेने चालताना तो शब्द तिच्या दातांत अडकून बसला होता, शेंगदाण्याच्या सालीसारखा. समोरच्याने काहीही मागावं आणि आपण 'बघते की' म्हणून उठावं, ही कसली जीभ... काय बघणार होतीस तू? टेम्पोत जागा आहे का ते?

शेंग्या हळू चालत होता. चार पावलं, मग थांबणं, मग एखाद्या दगडाचा असा वास घेणं की जणू त्यावर कालची सगळी बातमी छापलेली आहे. ती त्याला ओढत नसे. घाई करणारी कुत्री वेगळी, त्यांच्यासाठी वेगळी वेळ. म्हाताऱ्याला त्याची चाल द्यायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती या घरात आली होती पोळ्या करायला. तेव्हा हे जनावर दांडगं होतं, कुणाला आवरायचं नाही. एकदा मॅडम म्हणाल्या, जरा कोपऱ्यापर्यंत नेऊन आण. कोपरा झाला, मग तलाव झाला, मग शेजारच्या डॉक्टरांची कुत्री, पलीकडच्या बंगल्यातला तो काळा राक्षस... पोळ्या सुटल्या, हे राहिलं. माहेराहून, केमहून, भाऊ आला होता तेव्हा म्हणाला, "कुत्री फिरवनं हा काय धंदा हाय व्हय? पावन्यांत सांगू नकोस." तिने सांगितलं. मुद्दाम सांगितलं. ती राहायची त्या शुक्रवार पेठेतल्या गल्लीत पोरं मागून भुंकून दाखवायची, तरी सकाळी केस विंचरून, चप्पल बदलून बूट घालून ती ताठ निघायची. कारण फाटक वाजलं की आतून जो धिंगाणा उठायचा तो तिच्यासाठी उठायचा. सासरी, माहेरी, कुठेच तिच्या येण्याने असा धिंगाणा कधी उठला नव्हता.

आणि सुटला म्हणे. हातून सुटला! त्या काळ्या राक्षसाने मांजर पाहून झेप घेतली होती तेव्हा ती डांबरावर घासत गेली होती. दोन्ही गुडघे सोलले, साडी फाटली, बघणारे हसले. दोरी सोडली नव्हती. वळणावरच्या भटक्या कुत्र्यांनी घेरलं तेव्हा ती शेंग्याच्या आणि त्यांच्या मधे उभी राहिली होती. पिंडरीवर दातांची खूण अजून आहे. तेव्हाही सोडली नव्हती. साऱ्या कॉलनीत तिची एवढीच तर किंमत होती, की वैजयंतीच्या हातून जनावर सुटत नाही. नेमकं तेच त्यांनी मागितलं. जणू वाटीभर साखर मागावी...

शेळी.

तिला एकदम शेळी आठवली. केमला, ती लहान असताना, चुलत्याने दावणीची शेळी बाजारात विकली आणि घरी येऊन सांगितलं, पोरीच्या हातून सुटली, लांडग्यानं नेली असंल. आईने तिला शेवग्याच्या फोकाने मारलं. ती आधी नाही म्हणाली, मग गप्प झाली, मग... मग हो म्हणाली. पुढे मोठेपणी चुलत्यानेच हसत हसत खरं काय ते सांगितलं. पण त्याचं काय, की आजही डोळे मिटले की तिला तळहातातून दावं सरकताना कळतं. काथ्याचं खरखरीत दावं, शेवटची गाठ बोटांना लागून निसटते... जे कधी घडलंच नव्हतं ते तिच्या हाताला पाठ होतं. तीसेक वर्षं तिचा हात एका खोट्यावर विश्वास ठेवून होता. आता पुन्हा? उद्या रुद्राणीला सांगायचं, परवा कॉलनीला, आणि मग एके दिवशी स्वतःलाच...

फोन वाजला. रविवार होता. पुण्याला शिकायला गेल्यापासून रुद्राणी दर रविवारी या वेळेला फोन करायची, चेहरा दिसणारा फोन.

"मावशी, दाखव ना त्याला."

वैजयंती खाली बसली. शेंग्याने काचेला नाक लावलं आणि पलीकडे पोरगी हसली. "अरे माझ्या म्हाताऱ्या! मावशी, मागून लंगडतोय का गं जास्त?"

"हाय की थोडं. वय झालं त्याचं."

"आई काही बोलत नाही. तू आहेस म्हणून मी निवांत आहे बघ."

फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं, की सगळा वेळ तिचा डावा हात शेंग्याच्या गळ्याशी होता. माया करायला नव्हे. कडी झाकायला. पोरीला रिकामी कडी दिसू नये म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिने तेवढं काम करून टाकलं होतं... तिचे कान तापले. मघापासून आपण भांडतोय ते कशासाठी? आपल्या नावासाठी. या मुक्या जिवाला चिंचोळीच्या रस्त्यावर, ट्रकांच्या मधे, कुणीतरी सोडणार आहे, आणि अख्खी सकाळ आपल्याला आपलंच नाव आठवतंय.

ऊन चढायला लागलं होतं. तिने सवयीने हाताची पालथी बाजू डांबराला लावून पाहिली आणि शेंग्याला सावलीच्या बाजूने घेऊन परत फिरली.

मॅडम व्हरांड्यात कपडे वाळत घालत होत्या. वैजयंती पायरीखालीच उभी राहिली.

"मॅडम, माझ्या हातून सुटला असं मी म्हननार न्हाय."

मॅडमनी चादर झटकली. "बरं. मग कुणाच्या हातून म्हणू या?"

"कुनाच्याच न्हाय. तुमी सोडला, तुमी सांगा. पोरगी तुमची हाय."

आतून सासूबाईंची हाक आली, अस्पष्ट, शब्द नसलेली. मॅडमनी हातातली चादर दोरीवर टाकली, ती अर्धवट घसरली, तरी त्यांनी सावरली नाही. वैजयंतीने पाहिलं, त्यांच्या नखांभोवतीची कातडी फिनाईलने पांढरी पडली होती.

"मी दोन ठिकाणी विचारलं," त्या म्हणाल्या. "म्हातारं कुत्रं कुणी घेत नाही. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन देऊन टाका. मला ते होईना. तूच सांग वैजयंती, मी काय करू?"

'ताई' गेलं होतं. त्या 'तू'चा तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. यात पहिल्यांदाच काही खोटं नव्हतं. वाटेत तिने किती वाक्यं जुळवली होती, एकेक धारदार, सगळी हिच्या तोंडावर मारायची म्हणून. त्यातलं एकही या प्रश्नाला लागू पडत नव्हतं. आपली खोली... एक खोली, नवऱ्याची, जोतीरामची, कंपनीतली पाळी, घरमालकीण, जिना. नाही. मग डॉक्टरांचं इंजेक्शन? नाही. मग चिंचोळी? नाही, नाही. नाही म्हणणं किती सोपं होतं तलावापाशी.

शेंग्या थकून तिच्या बुटांवर बसला, सगळं अंग टाकून. मॅडमनी दोरी घ्यायला हात पुढे केला नाही, आणि वैजयंतीनेही ती पुढे केली नाही. आतून पुन्हा हाक आली. मॅडम आत गेल्या, दार उघडंच राहिलं.

राग होता अजून. पण सकाळपासून तो तिला ताठ उभं करत होता, आणि आता तोच खांद्यावर ओझ्यासारखा बसला होता, आणि कुणाच्या अंगणात नेऊन टाकावा ते तिला कळत नव्हतं. तिच्या पावलांवर एका म्हाताऱ्या जिवाचा श्वास वरखाली होत होता, ऊबदार, जड, पूर्ण भरवशाचा, आणि तो भरवसा आता तिला पहिल्यांदाच भीतीदायक वाटत होता.