एकवीस तासांची वाट

घड्याळजींनी चाळीस वर्षांत कुणाला एका मिनिटाचीही चुकीची वेळ सांगितली नव्हती, आणि त्याचा त्यांना भलताच तोरा होता. चुकले ते नेमके बायकोपाशी.

ती दोन महिने अंथरुणाला खिळलेली. सोमवारी डॉक्टरांनी हात टेकले. म्हणाले, मुलीला बोलावून घ्या. मुलगी बारा हजार किलोमीटर दूर, तिथली वेळ इथल्याहून साडेसात तास पुढे. इथे संध्याकाळचे सात वाजले तेव्हा विमानात बसल्याचा तिचा फोन आला. मधल्या थांब्यासकट एकवीस तास लागणार होते. घड्याळजींनी सातात एकवीस मिळवले आणि त्यातून साडेसात वजा केले. पंधरा वर्षं लेकीने सांगितलेल्या प्रत्येक वेळेतून ते हा फरक वजा करत आले होते. सात मुळी इथलेच होते, हे त्या घाबरलेल्या डोक्यात शिरलंच नाही.

“सकाळी साडेआठला उतरेल,” त्यांनी बायकोला सांगून टाकलं.

तिने रात्रभर डोळा मिटला नाही. नऊ झाले, तिने दाराकडे पाहिलं. घड्याळजींनी आकडेमोडीचा कागद पुन्हा काढला आणि ती वजाबाकी खोडली.

“अगं, माझं चुकलं. दुपारी चारला उतरेल ती.”

“चारला?” ती कशीबशी हसली. “गावभराची घड्याळं नीट केलीत, अन् माझीच वेळ चुकवलीत होय?”

“थांबशील ना?”

“बघते.”

साडेआठपर्यंत तग धरायला तिने होतं नव्हतं ते सगळं बळ लावलं होतं. आता आणखी साडेसात तासांचं कुठून आणणार? स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं घड्याळजींना वाटत होतं. ते चमच्याने पाणी पाजत राहिले.

चार वाजता लेकीचा मेसेज आला, उतरले म्हणून. त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. बायकोने मान हलवली. साडेचारला ती गेली.

मुलगी सव्वापाचला पोचली. दारातली शेजारीण डोळ्यांना पदर लावून बाजूला झाली तेव्हाच तिला कळलं.

“बाबा, बॅग यायला पाऊण तास लागला. तशीच टाकून यायला हवं होतं मी.” तिने दारातच चपला काढल्या. “कधी गेली आई?”

घड्याळजींनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत राहिले.

“सकाळीच गं. तू विमानात होतीस. तुझ्या हातात काही नव्हतं.”

ती आईच्या उशाशी बसली. चादरीखाली हात घालून तिने आईचा हात धरला. तो अजून गरम होता. तिने बापाकडे पाहिलं. ते खाली मान घालून चष्माच पुसत होते.

“हो का,” ती म्हणाली, आणि आईचा हात तिने सोडला नाही.