एक शिवणीत गेला

चाचणीचा पेपर थेट सुईखाली येऊन आपटला, तसा आजोबांनी पायडलवरचा पाय झटकन काढून घेतला.

"दहापैकी एक!" लेक म्हणाली. ती दवाखान्यात नर्स होती आणि घरच्यांशीही पेशंटला दटावल्यासारखी बोलायची. "पहिलीतली साधी शाब्दिक उदाहरणं, बाबा! आणि तुम्ही म्हणाला होता, पोरीचं गणित माझ्यावर सोड."

"बघू, बघू," म्हणत आजोबा चष्मा शोधू लागले. चष्मा डोळ्यांवरच होता.

तसं ते म्हणाले होते खरे. कसे म्हणाले, याचं त्यांनाच नंतर नवल वाटलं होतं. शिंप्याचं दुकान एवढी वर्षं चालवूनही त्यांचा लाजरेपणा गेला नव्हता. गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घेतानासुद्धा त्यांची नजर छताकडे असायची. पण लेक दवाखान्यात, जावई फिरतीच्या नोकरीवर, त्यामुळे शाळा सुटली की नात दुकानात यायची. अंगानं बुटकी आणि सतत गरगरणारी, म्हणून आजोबांनी मशीनमधल्या दोऱ्याच्या छोट्या रिळावरून तिचं नाव बॉबिन ठेवलं होतं. मशीनशेजारच्या स्टुलावर बसून, पाय हलवत, ती अखंड बडबडायची. जन्मभर गप्प बसलेल्या आजोबांना त्या बडबडीची इतकी सवय झाली होती, की सुट्टीच्या दिवशी त्यांचा टाका वाकडा पडायचा.

"सोमवारपासून शिकवणी," लेकीनं निकाल दिला. "शाळेतून थेट तिकडे, तिथून घरी. दुकानात यायचं काही कारण नाही."

आजोबांनी रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं.

"बाईंनी उद्या भेटायला बोलावलंय. मला ड्युटी आहे. तुम्हीच शिकवलंय, तुम्हीच जाऊन निस्तरा."

दुसऱ्या दिवशी आजोबा पहिलीच्या वर्गातल्या इवल्याशा बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून बसले होते. शेजारी बॉबिन. बाई हसतमुख होत्या, पण पेपर हातात घेतल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आजोबा, मुलांच्या चुका आता मला तोंडपाठ झाल्यात. पण ही चूक माझ्या ओळखीची नाही. तारेवर पाच पक्षी होते, तीन आले, तर म्हणे सात. सहा फुगे आणि दोन फुगे, सात. दर वेळी एक कमी. आणि हे बघा, इथे तीन टोपल्यांतली फळं एकत्र करायची होती, तर चक्क दोन कमी! बरोबर आलंय ते एकच. चार आणि शून्य, चार."

त्या बॉबिनकडे वळल्या. "बेटा, तारेवरचा तो एक पक्षी गेला कुठे गं?"

"शिवणीत गेला," बॉबिन म्हणाली.

बाईंनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी छताकडे पाहिलं.

"आधी होते ना पक्षी, त्यांची पाच इंचाची पट्टी कापायची," एवढं साधं बाईंना कसं माहीत नाही, अशा सुरात बॉबिन सांगू लागली. "मग आले त्यांची तीन इंचाची. दोन्ही मशीनवर जोडायच्या आणि टेप लावायची. सात भरतात. अर्धा इंच ह्या पट्टीचा शिवणीत जातो, अर्धा त्या. तीन पट्ट्या असल्या तर शिवणी दोन."

"आणि चार आणि शून्य?"

"शून्याला काय शिवणार, बाई? कापडच नाही."

आजोबांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पट्ट्या त्यांनीच कापल्या होत्या, टेप त्यांनीच धरली होती, आणि सात बघून "बरोब्बर!" असं शाबासकीच्या सुरात तेच म्हणाले होते. जन्मभर त्यांच्या मशीनखाली पाच आणि तीन सातच झाले होते. म्हणून तर गिऱ्हाइकाचं कापड ते नेहमी वाढवून कापत. पक्षी वाढवून कापायचे मात्र त्यांना सुचलं नव्हतं.

बाईंनी आधी पदर तोंडाला लावला, मग डोळ्यांना. "आजोबा, पक्षी शिवत नाहीत हो!"

"नाही," आजोबा पुटपुटले. "चुकलंच. एकदा, आणखी एकदाच शिकवू द्या मला."

"शुक्रवारी मी तिला तोंडी विचारीन. आईलाही घेऊन या."

लेकीनं हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "ठीक आहे. पण एक जरी चुकलं, तरी शिकवणी. मग रडायचं नाही. तुम्ही दोघांनीही."

दुकानात आजोबांनी बटणांचा डबा टेबलावर उपडा केला. एकीकडे पाच, दुसरीकडे तीन. मग सगळी एका वाटीत.

"मोज."

बॉबिननं मोजली. आठ भरली. तिनं संशयानं वाटीखाली पाहिलं. "शिवण कुठाय?"

"बटणांना शिवण नसते."

"असते की. शर्टाला लावता तेव्हा?"

"ही अजून लावलेली नाहीत. सुटी आहेत."

"मग ती पक्ष्यांसारखी?"

"अगदी पक्ष्यांसारखी! अगं, गणितात दोरा नसतोच."

बॉबिन विचारात पडली. "मग ते उसवत कसं नाही?"

आजोबांनी मान खाजवली, दोन टाके घातले, पुन्हा मान खाजवली. शेवटी म्हणाले, "हे बघ. उदाहरणातली गोष्ट नीट ऐकायची. गोष्टीत मशीन आलं का? नाही आलं, तर सगळं सुटं."

हे तिला पटलं. आजोबांना स्वतःला कितपत पटलं, देव जाणे.

शुक्रवारी बाईंनी फुगे विचारले, फळं विचारली. प्रत्येक उदाहरणाला बॉबिन ओठ हलवून स्वतःशीच "मशीन नाही" म्हणायची आणि ठणठणीत बरोबर उत्तर द्यायची. लेकीच्या कपाळावरची शीर हळूहळू खाली बसली.

"आता शेवटचं," बाईंनी पुस्तकाचं पान उलटलं. "ताईजवळ चार इंच फीत होती. आईनं तिला आणखी पाच इंच फीत दिली. आता ताईजवळ एकूण किती फीत?"

आजोबा बाकावर पुढे सरकले. जगातल्या सगळ्या वस्तू सोडून फीत!

बॉबिननं आजोबांकडे पाहिलं. आजोबांच्या ओठांवर उत्तर येऊन थांबलं, पण लेकीची नजर त्यांच्यावरच होती. त्यांनी मुकाट्यानं छताचा आसरा घेतला.

"बाई, गोष्ट पुन्हा सांगा."

बाईंनी पुन्हा सांगितली.

"संपली? ताईनं पुढे काहीच नाही केलं?"

"पुस्तकात एवढंच आहे गं."

बॉबिननं सुस्कारा सोडला. "मग नऊ."

"शाब्बास!" बाई म्हणाल्या, आणि आजोबांची नजर एकदाची छतावरून खाली उतरली.

फाटकाबाहेर आल्यावर लेकीनं शिकवणीला फोन करून नको म्हणून सांगितलं. थोडं अंतर ती झपझप चालली. मग एकाएकी थबकली.

"बाबा, मी पहिलीत दोनदा गणितात नापास झाले होते. माझा अभ्यास कोण घ्यायचं हो?"

"अं? तुझी आई," आजोबा म्हणाले आणि भराभर चालू लागले.

बॉबिन पळत येऊन त्यांच्या बोटाला लटकली. सोमवारी स्टुलावर बसून बोलायचं ते तिनं आताच सुरू केलं होतं.

"आजोबा, ती पुस्तकातली ताई ना, फारच आळशी आहे. एवढी फीत मिळाली, आणि नुसती घेऊन बसली!"